पाणी उरल्या वेळात येत नाही

मैत्रिणींनो, आपण बायका सहलीला केव्हा निघतो, हे कधी लक्षात घेतलंय तुम्ही? पाणी भरून झाल्यावर, मुलांचे डबे देऊन झाल्यावर, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवल्यावर, आणि गॅस बंद आहे ना हे दोनदा पाहून झाल्यावर! घराला पुरून जो वेळ उरतो तो आपला, आणि त्यात मावेल तेवढीच आपली मौज. सिनेमा असो, प्रदर्शन असो की देवदर्शन, एरवी हे चालून जातं. पण एक जागा अशी आहे, की जिथे उरलासुरला वेळ घेऊन गेलं तर चालत नाही. ती म्हणजे खाडी. तिथे जायचं तर पाण्याला विचारूनच निघावं लागतं. हे मला कसं कळलं, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

मी मूळची घाटावरची. विहिरीपेक्षा मोठं पाणी लग्नापर्यंत पाहिलेलं नव्हतं. सासर मालवणचं. बी. ए.ला भूगोल घेतला होता, म्हणून इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, हे फळ्यावर बाण काढून मी दरवर्षी सांगत आले. मुलं पाठ करतात, मीही खडू झटकून घरी येते. समुद्र शाळेच्या खिडकीतून ऐकू येतो. पण होडीत बसून तो वारा अंगावर घ्यावा असं ना मला वाटलं, ना आमच्या गल्लीतल्या कुणाला. समुद्राकाठी राहणाऱ्या आम्ही बायका, पण समुद्र आमचा नव्हताच. तो कामावर जाणाऱ्यांचा आणि पर्यटकांचा!

आमच्या गल्लीत दहा जणींची भिशी आहे. गेल्या माघात भिशीच्या दिवशी विषय निघाला वेंगुर्ल्याचा. तिथल्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका २०१७ सालापासून पर्यटकांना कांदळवन दाखवून आणतात, आणि होडी स्वतः वल्हवतात, हे कुणीतरी वाचलं होतं. “त्यांना जमतं, तर आपल्याला का जमू नये?” असं एक जण म्हणाली, आणि आम्ही हसलो. हसल्या नाहीत त्या फक्त मोठ्या काकू.

काकूंचं वय चौऱ्याहत्तर. माहेर भोगव्याचं. तुम्ही देवबागला आला असाल तर भोगवे लांबून पाहिलं असेल. देवबाग म्हणजे माडांनी भरलेली वाळूची एक लांबट जीभ आहे. तिच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. दक्षिणेच्या टोकाला ही जीभ संपते आणि खाडी समुद्राला मिळते. त्या मुखापलीकडचा डोंगर आणि किनारा तो भोगव्याचा. समोर दिसतो, पण रस्त्याने जायचं तर केवढा तरी वळसा. काकू नवरी होऊन आल्या त्या होडीतून. पुढे पूल झाले, एसटी झाली, आणि माहेरची वाट रस्त्यावर गेली. “पाण्यातून माहेरी गेल्याला पन्नास वर्षं झाली गो,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर कुणाला हसू आलं नाही. त्या दिवशी भिशीचे पैसे मोजायचे राहिले आणि होडीचं ठरलं!

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई खाडीत तिसऱ्या काढायला जाते. तिला आम्ही सगळ्या मावशीच म्हणतो. तिच्या घराण्याची जुनी रापणीची होडी होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. ते अर्धवर्तुळात पाण्यात सोडायला ही होडी वल्हवत नेतात, म्हणून ती लांब, आणि तिला वल्ही जास्त. या होडीला सहा होती. मावशी सुकाणूवर बसणार, तिचा भाचा पुढे बांबू घेऊन उभा राहणार, आणि वल्ही आम्ही मारणार असं ठरलं. तिने दोनच अटी घातल्या. एक, काकूंसकट प्रत्येकीच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. दुसरी अट वेळेची. “अष्टमीक या. सकाळी साडेआठाक होडीत बसाक व्हया.”

अष्टमीच का, हे मी विचारलं. उत्तर काकूंनीच दिलं. तुमच्यापैकी थोरल्यांना पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आठवत असतील. हल्लीच्या शाळेत ते गेले. काकूंना पाऊणकी तोंडपाठ! एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन... जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, पुन्हा संध्याकाळी सहाला भरती. गावागावाप्रमाणे घड्याळ थोडं मागेपुढे होतं, आमच्याकडे भरती जरा आधीच येते. पण अंदाज पक्का! कारणही सोपं आहे. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा डोक्यावर येतो, आणि पाणी चंद्रामागे चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, ओढ कमी. म्हणून नवशिक्यांसाठी अष्टमी. बी. ए.ला भूगोल घेतलेली मी, काकूंपुढे वही घेऊन बसले!

मावशीचा हिशेब असा होता : ओहोटीच्या पाण्याबरोबर मुखाकडे उतरायचं, खारा वारा सुटायच्या आत पलीकडे भोगव्याला लागायचं, तिथे जेवायचं, आणि बारानंतर पाणी फिरलं की भरतीवर परत यायचं. जाताना पाणी आपल्याबरोबर, येतानाही आपल्याबरोबर.

आता दहा बायका घराबाहेर पडायच्या म्हणजे काय, हे मी तुम्हांला वेगळं सांगायला नको. एकीकडे नळाला पाणी उशिरा आलं. एकीचे मिस्टर, “डबा तेवढा करून जा” म्हणाले. एकीच्या मुलाला नेमकं त्याच दिवशी पोटात दुखायला लागलं. सगळ्यांचं सगळं करून, रिक्षा गाठून आम्ही देवबागच्या खाडीकाठी पोहोचलो, तेव्हा दहा वाजून गेले होते. मावशी काठावर उभी होती. रागावली नाही. पाण्याकडे पाहून एवढंच म्हणाली, “बाईनू, तुमका उशीर झालो तरी पाणी आपल्याच वेळार फिरतला.”

होडीत बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की वल्हवणारीचं तोंड मागे असतं. आपण जिथून निघालो ते दिसतं, जिथे जायचं ते दिसत नाही. पुढचं पाहते ती सुकाणूवरची. सारखी मान वळवून मागे बघाल तर वल्हं चुकतं. दुसरी गोष्ट, हे काम दंडाचं नाही. “पाय रेटा, पाठ सरळ ठेवा,” मावशी सांगत होती. पाय समोरच्या आडव्या फळीला लावायचे, अंग मागे टाकायचं, हात शेवटी ओढायचे. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडेल इतकंच घालायचं, फार खोल नाही. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताल. सहा जणी सहा वेळी ओढायला लागल्या की वल्ह्यांवर वल्ही आपटतात, पाणी अंगावर उडतं, आणि होडी जागच्या जागी डुलते. आमचं पहिलं पाव तास हेच चाललं होतं. हसून हसून पुरेवाट!

शेवटी काकूंनी मध्ये बसल्या बसल्या पाऊणकी सुरू केली. “एक पाऊण” म्हटलं की सगळ्यांनी पुढे वाकायचं, “पाऊण” म्हटलं की ओढायचं. “दोन पाऊण... दीड! तीन पाऊण... सव्वादोन!” आणि काय सांगू, होडी चालायला लागली! वल्ही एकदम पडायला लागली की हाताला ओझंच वाटत नाही. जात्यावर दोघी बसल्या की दळण हलकं होतं ना, तसंच हे.

देवबागच्या माडांच्या आडोशाने आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो. पाणी शांत. वर माडांच्या शेंड्यांना मात्र वारा लागलेला दिसत होता. झावळ्या सगळ्या पूर्वेकडे झुकलेल्या. फळ्यावर काढते तो बाण मी प्रथमच झाडावर काढलेला पाहिला. सव्वाअकरा झाले होते. मावशी दोनदा वर पाहून गप्प झाली.

मग माड संपले.

मैत्रिणींनो, दार उघडं राहिलेल्या घरात एकदम वाऱ्याचा झोत यावा ना, तसं झालं. खारा वारा त्या दिवशी लवकर सुटला होता. नुसता वारा असता तरी एक वेळ चाललं असतं. पण ओहोटीचं पाणी अजून समुद्राकडे धावत होतं, आणि वारा समुद्राकडून आत येत होता. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला, की दोघांच्या झटापटीत लाटा आखूड आणि उंच होतात. मोठ्या लांब लाटेवर होडी चढते-उतरते. या आखूड लाटा मात्र एकीतून सावरायच्या आत दुसरी आणतात. पहिली लाट होडीच्या तोंडावर फुटली आणि आम्ही सगळ्या चिंब झालो. दुसरीबरोबर पाणी आत आलं. वल्ह्याविना होत्या त्या दोघी जणी डब्याने उपसायला लागल्या. एकीचा चष्मा गेला. काहींना ओकारी यायला लागली. आणि भोगव्याचा किनारा इतका जवळ, की वाळूवर उभी असलेली माणसं मोजता यावीत! काकूंच्या भाच्याची सून मुलाला कडेवर घेऊन हात हलवत होती. सकाळी नऊपासून ती वाट पाहत होती.

“मावशी, जाऊ या ना, एवढंसंच तर राहिलंय,” कुणीतरी ओरडलं. मलाही तसंच वाटत होतं. इतक्या खटपटीने निघालो, आता परत फिरलो तर पुन्हा कोण आम्हांला सोडणार? घरी काय सांगणार? आणि काकू? त्यांना पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?

मावशी मात्र मोठ्याने म्हणाली, “आज थय जावचा नाय.” आणि मग तिने काकूंकडे पाहिलं. बाकीच्या आम्ही वल्हवणाऱ्या, पण वाट काकूंची होती ना! काकूंनी समोरच्या किनाऱ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं, पदर कमरेला घट्ट खोचला, आणि म्हणाल्या, “फिरव गो बाय. माझा म्हायार खंय पळान जाता?”

लाटांत होडी फिरवणं हे सरळ जाण्याहून कठीण. फिरताना ती लाटेला आडवी होते, आणि आडव्या होडीत पाणी शिरतं. मावशी लाटा मोजत थांबली. तीन-चार मोठ्या लाटा गेल्या की थोडी उसंत मिळते. ती मिळताच तिने हाक दिली. एका बाजूच्या तिघींनी पुढे ओढायचं, दुसऱ्या बाजूच्या तिघींनी उलटं रेटायचं. कुणीही उठायचं नाही, एका अंगाला सरकायचं नाही. त्या वेळी कुणी पाढा म्हटला नाही, पण सहा वल्ही बरोबर पडली. होडी वळली. मग ओहोटीची ओढ आणि वारा, दोन्ही तोडत आम्ही माडांच्या आडोशाला पोहोचलो. अंतर फार नव्हतं, पण माझ्या दोन्ही तळव्यांची सालं गेली. आडोशात शिरताच वारा असा थांबला, जसं कुणी बटण बंद करावं!

भाच्याने बांबू वाळूत रोवून होडी धरली, आणि आम्ही तिथेच डबे उघडले. भिजलेल्या घावनांना आणि खारट झालेल्या चटणीला इतकी चव असते, हे मला माहीत नव्हतं. काकूंनी आपला डबा उघडला नाही. त्यात भाच्याच्या नातवासाठी खापरोळ्या होत्या. बाराच्या पुढे पाण्यावर तरंगणारी माडाची पानं जागेवर थांबली, थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग हळूच उलट्या दिशेला, आमच्या घराच्या बाजूला, निघाली. “फिरला पाणी,” मावशी म्हणाली. घाटावरच्या माझ्यासारखीने हे पहिल्यांदाच पाहिलं. त्या पाण्यावर आम्ही फारसं न वल्हवता परत आलो.

त्या रात्री घरोघरी बोलणी झालीच. “सांगत होतो!” हे तर ठरलेलंच वाक्य. पण आमच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. वारा वाईट नव्हता, होडी वाईट नव्हती, आमचे हातही कमी पडले नव्हते. सकाळचे ते दीड-दोन तास आमच्या हाती नव्हते, एवढंच. दिवसाचा चांगला भाग घराला देऊन उरलेला आम्ही खाडीला द्यायला गेलो, आणि खाडीने तो घेतला नाही.

मग आम्ही पाऊणकी मांडली. दहा दिवसांनी फाल्गुन शुद्ध तृतीया. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, सकाळी आठच्या सुमाराला ओहोटीचं थांबलेलं पाणी. मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, आमच्या बाजूला त्याहून थोडं आधी. पहाटे मतलई वारा, तोही मंद, आणि पाठीमागून. उजाडताच निघायला हवं. मी ह्यांना सरळ सांगितलं, “परवा पहाटे पाच ते दहा मी घरी नाही. ही वेळ मी ठरवलेली नाही, पाण्याने ठरवलीय.” गंमत अशी, की नवऱ्यापुढे, सासूपुढे, मुलांपुढे जे आपल्याला मागता येत नाही, ते चंद्राच्या नावाने मागता आलं! चंद्राशी कोण वाद घालणार? दहाही घरांतून तेच घडलं. आमच्याकडे पोहे ह्यांनी केले. मीठ दोनदा पडलं म्हणे. पण मुलं शाळेत वेळेवर गेली, आणि आभाळ कोसळलं नाही.

तृतीयेला माड संपले तेव्हा पुढे नुसतं चकचकीत, हलकं डुलणारं पाणी होतं. तीच जागा! अर्ध्या तासात आम्ही भोगव्याच्या वाळूला लागलो. भाच्याची सून भाकरतुकडा घेऊन उभी होती. पन्नास वर्षांनी पाण्याच्या वाटेने आलेल्या माहेरवाशिणीवरून तिने तो ओवाळून टाकला. काकू घोटाभर पाण्यात उतरल्या, ओंजळभर खारं पाणी डोळ्यांना लावलं, आणि आम्हांला म्हणाल्या, “तुम्ही जावा आता. वारो सुटात.” दोन दिवस माहेरपण करून त्या एसटीने परत आल्या. आम्ही भरतीवर नऊच्या सुमाराला घरी. होडीत मधली जागा रिकामी होती, म्हणून पाऊणकी मी म्हटली.

तुमच्यापैकी ज्यांना अशी हौस असेल त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. मोसम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात नावही काढू नये. १ जून ते ३१ जुलै तर आपल्याकडे यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. पाणी आणि वारा दोन्ही जाणणारं माणूस सुकाणूवर असल्याशिवाय होडीत पाय घालू नये. लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळावेत, नुसतं अंगावर अडकवू नये. पोहता येत असलं तरी ते हवंच. साडी नेसायची तर काष्टा घालावा, नाहीतर सलवार-कमीज बरा. तळव्यांना जुन्या धोतराची पट्टी गुंडाळावी. उपाशीपोटी जाऊ नये आणि पोटभर खाऊनही नको. आल्याचा तुकडा तोंडात धरावा, आणि मळमळलं तर दूरच्या किनाऱ्यावर नजर ठेवावी. चष्म्याला दोरी बांधावी, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारावी. आणि सुकाणूवरचं माणूस “फिरा” म्हणालं की फिरावं. किनारा कितीही जवळ दिसो!

आमच्या शेजारच्या गोव्यातून १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलातल्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ला, पृथ्वीला वळसा घालून परत आल्या. त्यांच्यापुढे आमची खाडी म्हणजे परातीतलं पाणी! पण त्यांनाही वारा पाहूनच शीड लावावं लागलं असणार.

तेव्हा, मैत्रिणींनो, तुमच्या गावाला खाडी असो-नसो, भिंतीवरच्या कॅलेंडरात एक दिवस शोधा, आणि त्या दिवसाचा पहिला, ताजा तुकडा आपल्यासाठी मागून घ्या. शेवटचा, शिळा नको. मागताना आवाज मात्र पाहिजे तो मावशीसारखा : रागाचा नाही, आणि विनवणीचाही नाही.